तिसावं जोडपं

थोरलीने दोन नंबरच्या बरणीचं झाकण काढलं, डोळे मिटले, नाक पार काठाच्या आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. तिने झाकण लावलं, खिडकीशी जाऊन बाहेरची हवा घेतली, मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हटले आणि परत आली. पुन्हा झाकण, पुन्हा नाक, पुन्हा श्वास. काच. सुती कापड. बस्स.

"बाबा, बाबा, बाबा," ती दातओठ खात बरणीला म्हणाली.

बरणीत तिच्या बाबांचा टीशर्ट होता. म्हणजे, लागोपाठ दोन रात्री अंगात घालून झोपा म्हणून तिने बाबांना दिलेला पांढरा, सुती, बिनछापाचा टीशर्ट. असल्या टीशर्टांनी गेले सात महिने तिचं आयुष्य व्यापलं होतं. माणसाला माणूस का आवडतो आणि त्यात नाकाचा वाटा किती, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यातला तिचा प्रश्न अगदी साधा होता. नवऱ्याचा वास बायकोला ओळखता येतो का, आणि संसार जितका जुना तितकी ही ओळख पक्की होत जाते का? होतच असणार, असं तिने आराखड्यात छातीठोकपणे लिहूनही टाकलं होतं. पाच बरण्या मांडायच्या. एकीत नवऱ्याचा टीशर्ट, तीन बरण्यांत परक्या पुरुषांचे, आणि एक कोरी, म्हणजे धुतलेला पण कुणीच कधी न घातलेला टीशर्ट. बायकोने पाचही हुंगायच्या आणि एकीवर बोट ठेवायचं. सर्दी झालेल्या माणसालाही जमेल इतकं सोपं काम, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

सोपं कसलं! नियमांचा एक कागद ती प्रत्येक नवऱ्याच्या हातात द्यायची. बिनवासाचा साबण वापरा, कांदा-लसूण नको, सिगारेट नको, एकटे झोपा, सकाळी टीशर्ट पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. आणि नवरे तो कागद असा काही वाचायचे, जणू तो शेजाऱ्याला आलाय. एकाने टीशर्ट परत करताना वर अत्तर शिंपडलं, का, तर बाईमाणसाच्या हातात घामट कपडा कसा द्यायचा. एकाच्या टीशर्टावर त्याचा कुत्रा झोपला. एकाच्या बायकोने तो धुतला, वाळवला, कडक इस्त्री केली आणि वर थोरलीलाच सुनावलं, "आमच्याकडून मळका कपडा बाहेर जात नाही." त्या दिवशी थोरली जिन्यात बसून दहा मिनिटं नुसती भिंतीकडे बघत होती.

तरीही तिने एकोणतीस जोडपी जमवली होती. तिसावं जोडपं ऐनवेळी फिसकटलं. नवरा म्हणाला, बायको माहेरी गेलीय. बायको म्हणाली, हेच गेलेत कुठेतरी. शनिवारी दुपारी बारापर्यंत तीस पूर्ण झाली नाहीत तर ही खोली मधमाश्यांवर काम करणाऱ्या विभागाला मिळणार होती, आणि मग पुढचं वर्षभर थोरलीच्या बरण्या खोक्यात आणि थोरली रांगेत. सर तोंडावर म्हणाले होते, "मधमाश्या निदान वेळेवर येतात."

म्हणून मग आई-बाबा. एकतीस वर्षांचा संसार, यादीतला सगळ्यात जुना.

तिने फोन लावला. पलीकडून आधी शिलाईमशीनचा खडखडाट आला, मग बाबा. ते शिलाईमशीनं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, आणि त्यात माणसापेक्षा मशीनांना जास्त जागा.

"बोल, थोरले."

"बाबा, खरं सांगा. टीशर्ट घातला होता का?"

खडखडाट थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे अंगात. दोन्ही रात्री."

"नाही, डोक्याला बांधला होता," बाबा म्हणाले. "अगं, असं काय विचारतेस? घातला होता."

"पूर्ण रात्र? का उकडलं म्हणून काढलात? बाबा, मी रागावणार नाही."

"तू आत्ताच रागावलेली आहेस."

"कारण त्याला वासच नाहीये! कपाटातनं काढून दिल्यासारखा आहे. मी दोनदा तपासला."

पलीकडे बाबांनी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांना खोटं बोलता येत नाही, असं आई नेहमी म्हणायची. पण त्याचबरोबर ती हेही म्हणायची, की त्यांना नको असलेलं काम ते न बोलता टाळतात. नळाचा वॉशर तीन महिने टाळला होता. हे काम तर त्यांना पहिल्यापासूनच नको होतं. "आमचे वास कशाला हुंगायला लावतेस लोकांना," असं म्हणून त्यांनी तो टीशर्ट चिमटीत धरला होता.

"दोन रात्री बाहेरच्या खोलीत त्या कॉटवर झोपलो," बाबा आता सावकाश म्हणाले. "तिची एक पट्टी मोडलेली आहे. दोन दिवस कांदा नाही, लसूण नाही, तेलाचे हात तीनतीनदा धुतले. आणि तू म्हणतेस, घातला नाही."

"मी म्हणत नाही, बरणी म्हणतेय."

"मग बरणीलाच विचार," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बाबांनी! जे चुकीच्या नंबरवर आलेल्या माणसालाही नीट निरोप देऊन मगच फोन ठेवायचे.

थोरलीने कपाळावर हात मारला. घड्याळात पावणेअकरा. आई अर्धी रजा टाकून निघालीसुद्धा असणार.

आई आली ती पोस्टाच्या कचेरीतून थेट, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. पोस्टाच्या काउंटरवर तिने सव्वीस वर्षं काढली होती आणि समोरच्या माणसाकडे ती अजूनही असं बघायची, की त्याने तिकीट उलटं चिकटवलंय.

"कुठे बसू? आणि लवकर आटप. दोनला माझा काउंटर उघडायचाय."

"मी नाही घेणार, काकू घेतील. कुठली बरणी कुणाची हे मला माहितीय ना, म्हणून मी समोर असायचं नाही. चेहऱ्यावरून कळतं."

"तुझ्या चेहऱ्यावरून तर सगळंच कळतं," आई म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही. तू बस."

काकू म्हणजे प्रयोगशाळेच्या मदतनीस. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, चष्मा दोरीला, आणि सगळ्या विभागाच्या बित्तंबातम्या तोंडपाठ. त्यांनी आईला खुर्ची दिली, बरण्या ओळीने मांडल्या आणि दार अर्धवट लोटून घेतलं. थोरली दाराच्या मागे स्टुलावर बसली. इथे बसून तिने एकोणतीस बायका ऐकल्या होत्या. हसणाऱ्या, लाजणाऱ्या, "ईऽऽ" करून मागे सरणाऱ्या. नव्या नवऱ्या मुली तर झाकण निघायच्या आत ओळखायच्या. "हाच! हाच तो!" दहापैकी सात बरोबर. आणि ज्यांच्यावर थोरलीची सगळी भिस्त होती, त्या वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायका धडाधड चुकत होत्या. अकरापैकी नऊ. सर म्हणाले होते, तुमची पद्धतच कच्ची आहे. थोरलीचं म्हणणं, पद्धत पक्की आहे, बायका लक्ष देत नाहीत. काकूंचं म्हणणं, "इतकी वर्षं झाल्यावर कोण नवऱ्याकडे लक्ष देतं गं?"

ते तिला लागलं होतं. का लागलं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आई-बाबांचं बोलणं म्हणजे किल्ली, गॅस, पाण्याची टाकी आणि "धाकटी आली का?" एवढंच. धाकटी म्हणायची, हे दोघं म्हणजे एकाच खात्यातले दोन कारकून. थोरली हसायची, पण रात्री पाठ टेकल्यावर ते वाक्य तिला टोचायचं. आईने आज बरोबर बरणीवर बोट ठेवावं, असं तिला वाटत होतं. आणि ते नुसतं प्रबंधासाठी वाटत नव्हतं.

आणि बाबांनी नेमका घोळ घातला होता.

"ही पहिली," काकूंचा आवाज. "सावकाश घ्या. घाई नाही."

"ह्याला जरा पावडरीचा वास येतोय. हा कोणीतरी दाढी घोटून झोपणारा दिसतो."

"वर्णन नाही सांगायचं, नुसता आकडा. वास किती? एक ते सात."

"पाच. पुढे."

झाकणांचे बारीक आवाज येत होते. तिसऱ्या बरणीला आई खाकरली. पाचवीला म्हणाली, "हे बरं आहे. मुलगा दिसतोय कुणाचा तरी." थोरलीने स्टुलाची कड घट्ट धरली.

"दोन आणि चार परत देता?" आई म्हणाली.

"देते ना, हव्या तितक्या वेळा घ्या."

"ह्या दोन्ही सारख्याच आहेत. रिकाम्या. काहीच वास नाही."

"मग आकडा काय लिहू?"

"शून्य आहे का तुमच्यात?"

"एकपासून आहे."

"मग एक लिहा. दोन्हींना."

"आणि मिस्टर कुठले?"

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

"ह्या दोन्हींपैकीच," आई म्हणाली. "एकच सांगायची म्हणता, तर चार."

"कारण? इथे एक ओळ आहे."

"कारण काय... बाकीचे तीन परके आहेत. एवढं लिहा."

चार नंबरची बरणी कोरी होती.

थोरली आत आली तेव्हा आई पिशवीची चेन लावत होती. "झालं का तुझं? बरोबर आलं का?"

नियमाप्रमाणे सांगायचं नसतं. पण थोरलीचा पारा नियमाच्या वर गेला होता.

"चार कोरी आहे, आई. ती कुणीच घातलेली नाही."

"असं? मग दोन असेल."

"दोन बाबांची. पण तीही कोरीच आहे, कारण बाबांनी टीशर्ट घातलाच नाही! तुलासुद्धा वास आला नाही ना? मलाही नाही आला. म्हणजे झालंच की सिद्ध. कॉटवर घडी ठेवली असणार आणि सकाळी पिशवीत भरला असणार."

आई उभी राहिली. "घातला होता त्यांनी."

"तुला काय माहीत? तू आतल्या खोलीत होतीस."

"मी बघितलं."

"रात्री?"

"पाणी प्यायला उठले होते."

"दोन्ही रात्री?"

"दोन्ही रात्री तहान लागली," आई फटकन म्हणाली. "त्यात काय एवढं? त्या कॉटची पट्टी मोडलीय, म्हटलं पडले-बिडले तर. पांढरा टीशर्ट घालून कुशीवर झोपले होते. पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड, दुसऱ्या रात्री दाराकडे. अजून काय सांगू?"

"आई, तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"मी कशाला बाजू घेऊ? त्यांनी वॉशर बसवला नाही तेव्हा घेतली का?"

काकू मान खाली घालून बरण्यांची झाकणं घट्ट करत होत्या. थोरलीने कपाटातून नवा टीशर्ट काढला आणि आईसमोर धरला. "आज आणि उद्या. शनिवारी सकाळी आठला मी स्वतः घेऊन येईन, तू बरोबर ये, बारापर्यंत होतंय. बाबांना सांग, ही शेवटची संधी आहे. आणि घालणार नसतील तर आत्ताच सांगा म्हणावं, म्हणजे मी मधमाश्यांना फुलं तरी वाहते."

आईने टीशर्ट घेतला. घडी उलगडून खांद्याची शिवण बघितली, पुन्हा तशीच घडी घातली, पिशवीत ठेवला.

"तू त्यांना फोनवर असंच बोललीस?"

थोरली कपाटाचं दार लावायला वळली.

"बरं," आई म्हणाली, आणि निघून गेली. जाताना तिने दार आपटलं नाही, ते हळूच लावलं. ते जास्त वाईट होतं.

नंतरचा वेळ थोरलीने सरांच्या केबिनबाहेर उभं राहण्यात घालवला. आत गेल्यावर चार मिनिटं मिळाली. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्हाला असं नाही का वाटत, की माणसांच्या बाबतीत तुम्ही जरा जास्तच गृहीत धरता?" तिला वाटलं, ओरडावं, की सात महिने मी फक्त माणसांची माफी मागत फिरतेय. ती "हो सर" म्हणाली आणि बाहेर पडली. पॅसेजमध्ये मधमाश्यांच्या विभागाची दोन रिकामी खोकी आधीच येऊन बसली होती. तिने एकाला लाथ घातली. पुठ्ठ्याचं असेल असं वाटलं होतं, लाकडाचं निघालं.

लंगडत ती परत आली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि काकू टेबलावर कागद लावत होत्या.

"त्या तिघी मुली येऊन गेल्या," काकू म्हणाल्या. "तू नव्हतीस, मी उरकून टाकलं."

प्रत्येक संचाच्या पाचही बरण्या नंतर त्या जोडप्याशी काहीही संबंध नसलेल्या तीन विद्यार्थिनी हुंगायच्या आणि आकडे द्यायच्या. पदव्युत्तर वर्गातल्या मुली, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत यायच्या, चहाच्या बोलीवर.

"कशाला उगाच? एक सोडून दोन बरण्या कोऱ्या होत्या आज. त्यांच्या चहाचं पाणी झालं."

"दोन?" काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "एकच होती."

थोरलीने कागद ओढले. पहिली मुलगी. बरणी चार : एक. बरणी दोन : सहा. दुसरी मुलगी. चार : एक. दोन : सहा. तिसरी मुलगी. चार : एक. दोन : सात. आणि पुढे कंसात, फॉर्ममध्ये अशी जागाच नसताना, "बापरे".

"हे उलटं लिहिलंय," थोरली म्हणाली.

"उलटं कसं असेल? तिघींनी वेगवेगळं लिहिलंय. मी एकेकीलाच आत घेते."

"मग तुम्ही बरण्या बदलल्यात. चुकून."

काकूंनी हातातले कागद खाली ठेवले. "अगं, एकोणतीस संच मांडले मी. एकदा तरी बदलली का बरणी?"

नव्हती बदलली. थोरलीने फ्रीजरमधून संच बाहेर काढला. दोन नंबरच्या बरणीच्या बुडाला तिच्याच अक्षरात चिकटवलेला सांकेतिक आकडा होता, बाबांचा. ती बरणी दोन्ही हातांत धरून बसली. अजून गार होती. मुठीत धरून धरून ती कोमट होईपर्यंत तिला काही करण्यासारखं नव्हतं, आणि काही न करणं तिला कधीच जमलेलं नव्हतं. ती पायाने टेबलाची दांडी वाजवत राहिली. मग तिने झाकण काढलं.

काच. सुती कापड.

"काकू," ती म्हणाली. "जरा बघता?"

"मी कशाला? मी तर बरण्या मांडणारी."

"प्लीज."

काकूंनी चष्मा वर सरकवला, बरणी घेतली, नाक लांबूनच वर धरलं आणि मान मागे घेतली. "अगं बाई! आणि हे तुला येत नाही म्हणतेस? सर्दी झालीय का तुला?"

"नाही. काय येतंय?"

"काय येतंय काय! घाम आहे. चांगला कष्टाचा. आणि लोखंड... मशीनला घालतात ना ते तेल, त्याची जरा चव. आणि मागून काहीतरी उन्हात पडलेल्या गोणपाटासारखं. तसा वाईट नाही हं. पण भक्कम आहे. असा माणूस खोलीत शिरला की न बघता कळेल, आला म्हणून." त्यांनी झाकण लावलं. "कोण आहे?"

थोरलीने बरणी त्यांच्या हातातून घेतली. उघडली. आता तर तिला माहीत होतं, काय काय शोधायचं ते. लोखंड. तेल. ऊन. तिने इतका जोरात श्वास ओढला, की खोकला आला.

"पाणी देऊ?" काकू म्हणाल्या.

तिने मान हलवली आणि फायलींच्या कपाटाकडे गेली. एकोणतीस कागद. नऊ चुकलेल्या बायका तिला पाठ होत्या. त्यांच्यावर तिने इतका वैताग काढला होता, की त्यांच्या चपलासुद्धा तिला आठवत होत्या. तिने ते नऊ कागद बाजूला काढून टेबलावर पसरले. सातांवर लाल शाईत तिच्याच अक्षरात शेरा होता : कोऱ्या बरणीशी गोंधळ. लक्ष नाही. गोंधळ. पुन्हा तोच गोंधळ. त्या सातही बायकांनी दोन-दोन बरण्यांना "एक" दिला होता, कोरीला आणि नवऱ्याच्या बरणीला. तिने तो आकडा कधी बघितलाच नव्हता, उत्तर चुकलं म्हटल्यावर पुढचं वाचायचं कशाला? कारणाच्या ओळीत एकीने काही लिहिलं नव्हतं. एकीने लिहिलं होतं, अंदाजे. आणि एक, ती इस्त्रीवाली, जिला नवा टीशर्ट देऊन दुसऱ्यांदा बोलवावं लागलं होतं, तिने लिहिलं होतं : ह्यात त्रास देण्यासारखं काही वाटलं नाही.

थोरली ते सात कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिली. काकूंनी दिवा लावला, पिशवी उचलली, "येते गं" म्हणाल्या, तेही तिला उशिरा ऐकू आलं.

घरी पोचली तेव्हा सात वाजायचे होते. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत बाबा कॉटवर बसले होते, नव्या पांढऱ्या टीशर्टात, आंघोळ केलेले, केस ओले. झोपायला अजून तीन तास होते. पण त्यांनी घालून ठेवला होता, आणि बाह्यांना हात लागू नयेत म्हणून ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले होते.

"आलीस?" ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "हे बघून घे. घातलाय. साक्षीदार हवा असेल तर धाकटीला बोलावतो."

"बाबा, काढा तो. गरज नाही."

"का? नापास?"

"नाही. पहिलाच बरोबर होता. तुम्ही घातला होता."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

थोरली चपला न काढताच त्यांच्या शेजारी बसली. मोडक्या पट्टीने कुरकुर केली. तिला "चुकलं माझं" म्हणायचं होतं, पण ते शब्द तिच्याकडून कधी वेळेवर निघायचे नाहीत. तिने त्यांच्या खांद्याला कपाळ टेकलं आणि तसंच ठेवलं.

"काय गं?"

"तपासतेय."

"मग?"

"काही नाही," ती टीशर्टात बोलली. "अजिबात काही नाही."

बाबांना यातलं काय कळलं कोण जाणे. ते हलले मात्र नाहीत. आत भांड्यावर चमचा फिरत होता. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला, आणि आवाज एकदम खाली आणून, शेजारच्या मशीनचा भाव विचारावा तसं सहज विचारलं,

"तुझ्या आईनं ओळखलं का?"

चमचा थांबला.

थोरलीच्या बॅगेत आईचा कागद होता. निकालाच्या जागेवर दुपारी रागारागात तिनेच चुकीची फुली मारली होती, कागद फाटेल इतकी दाबून.

"हो," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," आतून आई. ती पदराला हात पुसत दारात आली होती. "मी नाही ओळखलं. मला काही वासच आला नाही त्या बरणीत. कोऱ्या कपड्यावर बोट ठेवलं मी. खरं ते सांगावं माणसानं."

बाबांनी हळूच मान डोलावली, दोनदा. गुडघ्यांवरचे हात त्यांनी आता एकमेकांत अडकवले.

"आता कुठला वास येणार," ते म्हणाले. "म्हातारा झालो."

"तिघींना आला," थोरली म्हणाली. "चौघींना. काकू तर मागेच सरकल्या. सातपैकी सात दिलेत एकीने, वर बापरे लिहिलंय."

"मग हिलाच कसा नाही आला?"

"मलाही नाही आला."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदराचा कोपरा नाकाशी नेला, हुंगला, आणि कुणी बघतंय हे लक्षात येताच सोडून दिला.

थोरलीने बॅग उघडली. त्या सात बायकांचे कागद काढून कॉटवर पसरले, आईचा सगळ्यात वर.

"पट्टी आहे का घरात?"

बाबांनी कॉटखालून कापड मापायची लाकडी पट्टी काढून दिली. थोरलीने ती कागदावर ठेवली आणि शेवटच्या रकान्याच्या पुढे, समासात, वरून खाली सरळ एक रेघ ओढली. मग दुसऱ्या कागदावर. मग तिसऱ्या. बाबांनी पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. टीशर्टाची बाही कागदांवर घासत होती आणि आता ती सांभाळायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"ह्या रकान्याला नाव काय?" त्यांनी विचारलं.

थोरलीने पेन उचललं. पेनाचं टोक कागदाच्या वर तसंच थांबलं.

आई पुढे आली, वाकून तिने आपल्या नावाच्या कागदावरची ती फुली बघितली, आणि कॉटच्या कडेला, बाबांच्या पलीकडे, जागा करून बसली.

"सरका," ती बाबांना म्हणाली.